आपल्याच रक्तातलं औषध

4 जून 2021. मुंबईत कोरोनाची दुसरी लाट नुकती ओसरू लागली होती आणि रुग्णालयांच्या बातम्या म्हणजे खाटा, ऑक्सिजन आणि लस एवढंच समीकरण झालं होतं. त्या गदारोळात खारघरला एक घटना घडली. टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘ॲक्ट्रेक’ या संशोधन केंद्रातल्या बोन मॅरो ट्रान्सप्लांट विभागात रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला शिरेतून पेशी देण्यात आल्या. त्या त्याच्या स्वतःच्याच होत्या. आधी त्याच्या रक्तातून काढलेल्या, पवईच्या आयआयटीत नवा जनुक घालून वाढवलेल्या आणि परत त्याच्याच शरीरात सोडलेल्या. ‘कार-टी’ नावाच्या या उपचाराचा भारतातला तो पहिला प्रयोग.

पुढच्या तीन वर्षांत या प्रयोगाचं रीतसर औषध झालं. सरकारी मान्यता मिळाली, राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झालं, आणि परदेशात तीन-चार कोटी रुपयांना पडणारा उपचार इथे त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात मिळू लागला. हे शक्य झालं त्यामागे मुंबईतल्या काही संस्थांची नव्वद वर्षांची पुण्याई आहे, आणि परदेशातल्या प्रयोगशाळांनी मोजलेली बरीच मोठी किंमतही.

मुंबईतली कहाणी एका मृत्यूपासून सुरू होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई 1931 साली वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्या काळी या रोगावर औषध नव्हतं. टाटांसारख्या घराण्यालाही पैशाने ते विकत घेता आलं नाही. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. जाण्यापूर्वी त्यांनी पत्नीच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास उभा केला आणि आपली संपत्ती दुसऱ्या न्यासाच्या हवाली केली. त्याच पैशातून 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. शेजारीच 1952 साली डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या पुढाकाराने कर्करोगाचं संशोधन केंद्र उभं राहिलं.

1962 साली हे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे गेलं. कर्करोगाचं इस्पितळ आणि अणुऊर्जा हे नातं अनेकांना कोड्यात टाकतं. किरणोत्सर्गाने कर्करोगावर उपचार करता येतात आणि ते शास्त्र अणुऊर्जा खात्याच्या हाताशी होतं, हे त्यामागचं साधं कारण. पण त्याचा एक दूरगामी फायदा झाला. इस्पितळ आणि प्रयोगशाळा एकाच छत्राखाली आल्या. रुग्ण पाहणारा डॉक्टर आणि पेशी पाहणारा संशोधक एकमेकांना ओळखू लागले.

याच परळच्या रुग्णालयात 20 मार्च 1983 रोजी भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं. रुग्ण होती ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी आणि मज्जा देणारा तिचा भाऊ. करणारे डॉ. सुरेश अडवाणी. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते चाकाच्या खुर्चीवर होते. अपंगत्वाचं कारण देऊन वैद्यकीय महाविद्यालयाने सुरुवातीला त्यांना प्रवेशच नाकारला होता. पुढे अमेरिकेत सिॲटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्या संस्थेत ते हे तंत्र शिकून आले. त्याच थॉमस यांना या कामासाठी 1990 साली नोबेल मिळालं.

अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा खऱ्या अर्थाने पहिला पेशी-उपचार. त्यात औषध म्हणून रसायनाऐवजी जिवंत पेशी दिल्या जातात. रुग्णाची बिघडलेली मज्जा औषधांनी नष्ट करायची आणि दात्याची निरोगी मज्जा तिच्या जागी रुजवायची. पण दाता जुळावा लागतो, आणि जुळला तरी त्याच्या पेशी कधीकधी यजमानाच्याच शरीरावर उलटतात. म्हणून जगभरच्या शास्त्रज्ञांसमोर प्रश्न उभा राहिला, तो असा : दुसऱ्याच्या पेशी आणण्यापेक्षा रुग्णाच्याच पेशी दुरुस्त करून वापरता येतील का?

त्यासाठी पेशीच्या आतल्या जनुकापर्यंत पोहोचणं भाग होतं. 14 सप्टेंबर 1990 रोजी अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलीला तिच्याच दुरुस्त केलेल्या पेशी देण्यात आल्या. एका जनुकातल्या दोषामुळे तिची रोगप्रतिकारशक्ती जन्मतःच जवळपास नाहीशी होती. ती जगली, आणि जनुकोपचाराचं युग सुरू झालं अशा घोषणा झाल्या.

घोषणा जरा घाईच्या ठरल्या. सप्टेंबर 1999 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एका चाचणीत जेसी गेलसिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा दगावला. जनुक वाहून नेण्यासाठी वापरलेल्या विषाणूविरुद्ध त्याच्या शरीराने इतका तीव्र हल्ला चढवला की एकेक अवयव निकामी होत गेला. त्यानंतर युरोपातल्या एका चाचणीत, रोगप्रतिकारशक्तीविना जन्मलेली काही मुलं जनुकोपचाराने बरी झाली खरी, पण त्यांतल्या काहींना पुढे ल्युकेमिया झाला. घातलेला जनुक नेमका चुकीच्या जागी जाऊन बसला होता. चाचण्या थांबल्या, नियम कडक झाले, पैसा आटला. सुरक्षित वाहक विषाणू तयार करण्यात पुढची कितीतरी वर्षं गेली.

दुसऱ्या बाजूला इस्राएलमध्ये झेलिग एशहार वेगळ्याच वाटेने चालले होते. आपल्या रक्तात टी-पेशी असतात. बिघडलेल्या आणि संसर्ग झालेल्या पेशी हुडकून मारणं हे त्यांचं काम. कर्करोगाच्या पेशी मात्र आपल्याच शरीरातल्या असल्यामुळे टी-पेशींच्या नजरेतून निसटतात. 1989 साली एशहार यांच्या गटाने टी-पेशीवर एक कृत्रिम ग्राहक बसवून दाखवला. त्याचा बाहेरचा अर्धा भाग प्रतिपिंडाचा, म्हणजे शत्रू ओळखणारा. आतला अर्धा भाग टी-पेशीचा, म्हणजे हल्ल्याचा आदेश देणारा. दोन वेगळ्या गोष्टींचा असा सांधा म्हणून त्याला ‘कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर’ म्हणतात. त्याचंच संक्षिप्त रूप ‘कार’.

शत्रूची खूण कोणती धरायची, हेही यथावकाश ठरलं. रक्ताचे अनेक कर्करोग बी-पेशींमध्ये सुरू होतात आणि बी-पेशींच्या पृष्ठभागावर सीडी19 नावाचं प्रथिन असतं. ते दिसेल त्या पेशीला मारायचं, असा हुकूम टी-पेशींना दिला की कर्करोग मरतो. त्याच्याबरोबर निरोगी बी-पेशीही मरतात, पण त्यांच्याशिवाय माणूस जगू शकतो. हिशेब क्रूर असला तरी परवडणारा होता.

एप्रिल 2012 मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एमिली व्हाइटहेड या मुलीवर हा उपचार झाला. केमोथेरपीनंतर दोनदा उलटलेला तिचा ल्युकेमिया आता कशालाच दाद देत नव्हता. पेशी दिल्यावर तिला प्रचंड ताप आला, रक्तदाब कोसळला, तिला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. लढणाऱ्या टी-पेशी रक्तात रसायनांचा पूर सोडत होत्या. संशोधक कार्ल जून यांनी त्यातलं एक रसायन कमालीचं वाढलेलं पाहिलं. त्याच रसायनाला अडवणारं संधिवाताचं एक औषध त्यांना माहीत होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता. ते औषध दिलं आणि काही तासांत एमिली सावरू लागली. तिचा कर्करोग गेला तो परतला नाही. 30 ऑगस्ट 2017 रोजी अमेरिकेत कार-टीला पहिली मान्यता मिळाली. एका मात्रेची किंमत होती 4 लाख 75 हजार डॉलर.

त्या काळच्या दराने ते तीन कोटी रुपये झाले. भारतात हा उपचार मिळतच नव्हता. ज्यांना शक्य होतं ते परदेशी जात. बाकीच्यांसाठी ती वर्तमानपत्रातली एक आश्चर्यकारक बातमी होती.

राहुल पुरवार 2013 साली आयआयटी मुंबईत प्राध्यापक म्हणून रुजू झाले. जर्मनीत हॅनोव्हरला पीएचडी आणि नंतर हार्वर्डमध्ये संशोधन करून ते परतले होते. टी-पेशी हाच त्यांचा विषय. अभियंत्यांच्या या संस्थेत जैवविज्ञानाचा विभाग होता, पण रुग्णाला देता येईल असं औषध तिथे कुणी बनवलेलं नव्हतं. पुरवारांकडे सुरुवातीला मोजकी साधनं आणि विद्यार्थी होते. अलका द्विवेदी आणि अथर्व कारुळकर ही त्यातली महत्त्वाची नावं. रुग्ण आणि डॉक्टर होते परळला आणि खारघरला. टाटा मेमोरियलचे डॉ. हसमुख जैन आणि बालकर्करोगतज्ज्ञ डॉ. गौरव नरुला या कामात उतरले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या तज्ज्ञांनीही हातचं राखून न ठेवता शिकवलं.

परदेशातली कृती आणून इथे जशीच्या तशी गिरवली, असं मात्र झालं नाही. अमेरिकेतल्या औषधात सीडी19 ओळखणारा तुकडा उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेला आहे. मानवी शरीर त्याला परकं समजू शकतं. पवईच्या गटाने तो तुकडा मानवी प्रथिनासारखा घडवला. प्रयोगशाळेत आणि उंदरांवर तपासताना असं दिसलं की नव्या पेशी कर्करोगाला तितक्याच निर्धाराने मारतात, पण रसायनांचा पूर कमी सोडतात. हे निष्कर्ष 2021 साली ‘मॉलिक्युलर कॅन्सर थेरप्युटिक्स’ या नियतकालिकात आले. आयसीयूच्या खाटा मोजक्या असलेल्या देशात हा गुण फार मोलाचा होता.

प्रत्यक्ष उपचाराची रीत अशी. आधी रुग्णाला एका यंत्राशी जोडतात. रक्त यंत्रातून फिरतं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या होतात आणि उरलेलं रक्त परत शरीरात जातं. प्रयोगशाळेत टी-पेशी निवडून त्यांच्यात लेंटिव्हायरस सोडतात. हा एचआयव्हीच्या कुळातला विषाणू. त्याची रोग देण्याची क्षमता काढून टाकलेली असते, पेशीत जनुक पोहोचवण्याची कला तेवढी शिल्लक ठेवलेली असते. जनुक बसलेल्या पेशी आठवडा-दीड आठवडा वाढवतात. एकही जंतू आत शिरलेला नाही याच्या चाचण्या होतात. तोवर रुग्णाला थोडी केमो देऊन नव्या पेशींसाठी शरीरात जागा करतात. मग पेशी शिरेतून देतात. त्या द्यायला लागणारा वेळ केमोच्या एका बैठकीपेक्षाही कमी. पण काम तिथे संपत नाही, सुरू होतं. विरजणाच्या कवडीसारख्या त्या पेशी आत गेल्यावर वाढत जातात. गोळी पोटात गेली की तिचा अंश कमी कमी होतो. हे औषध मात्र वाढतं, म्हणूनच त्याच्यावर लक्ष ठेवणं अवघड.

या सगळ्यात सर्वांत महाग वस्तू असते लेंटिव्हायरस. बाहेरून मागवला तर खर्चाचा डोंगर तिथेच उभा राहतो. मुंबईच्या गटाने तो स्वतः बनवायचं ठरवलं. किंमत कमी राहिली ती मुख्यतः या निर्णयामुळे, आणि शिवाय इथल्या मनुष्यबळाच्या खर्चामुळे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने ‘बायरॅक’ या संस्थेमार्फत मानवी चाचणीसाठी 19.15 कोटी रुपये मंजूर केले. संशोधन कारखान्यापर्यंत नेण्यासाठी 2018 साली आयआयटीच्याच अंगणात ‘इम्युनोॲक्ट’ ही कंपनी उभी राहिली आणि पुढे नवी मुंबईत तिचा उत्पादन प्रकल्प आला.

खारघरच्या त्या जूनच्या दिवसानंतर चाचणी मोठी होत गेली. एकूण 64 रुग्णांना हे औषध मिळालं. सगळ्यांचा कर्करोग आधीचे उपचार पचवून उलटलेला होता. मार्च 2025 मध्ये ‘द लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त निकाल छापून आला. ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला त्या 51 रुग्णांपैकी 73 टक्क्यांमध्ये कर्करोग मागे हटला. रसायनांच्या पुराचा गंभीर त्रास मोजक्यांनाच झाला. पण बहुतेकांच्या रक्तातल्या पेशींची संख्या धोकादायक पातळीपर्यंत घसरली आणि उपचाराशी निगडित असे दोन मृत्यूही झाले. ज्यांचा आजार मागे हटला त्यांच्यातही काहींचा पुन्हा डोकावला. ‘कर्करोगावर रामबाण’ असे मथळे देणाऱ्यांनी ही दुसरी बाजू वाचकांना क्वचितच सांगितली.

ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी या औषधाला ‘नेक्सकार19’ या नावाने बाजारात येण्याची परवानगी दिली. 4 एप्रिल 2024 रोजी पवईच्या आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. किंमत तीस ते चाळीस लाखांच्या घरात. काही बी-पेशी लिम्फोमा आणि बी-पेशी ल्युकेमिया, तेही आधीचे उपचार फसल्यानंतर, एवढ्यापुरतंच हे औषध. स्तन, फुप्फुस, तोंड, गर्भाशयमुख या आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या कर्करोगांवर कार-टी अजून तरी चालत नाही. घट्ट गाठीत टी-पेशींना शिरता येत नाही आणि निरोगी पेशींवर नसलेली खात्रीची खूण सापडत नाही, हे त्याचं कारण.

मुंबईपाठोपाठ इतर शहरंही पुढे आली. बंगळुरूच्या ‘इम्युनील’ या कंपनीने बार्सिलोनाच्या रुग्णालयात विकसित झालेल्या कार-टीचं इथे उत्पादन करून जानेवारी 2025 मध्ये ते बाजारात आणलं. किरण मुजुमदार-शॉ आणि कर्करोगावरच्या ग्रंथामुळे जगभर वाचले गेलेले डॉ. सिद्धार्थ मुखर्जी तिच्या संस्थापकांपैकी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. आलोक श्रीवास्तव यांच्या गटाने हिमोफिलियाच्या पाच रुग्णांच्या मूळपेशींत रक्त गोठवणाऱ्या घटकाचा जनुक घातला. डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार उपचारानंतर त्या पाचही जणांना रक्तस्रावाचा झटका आला नव्हता.

जनुकोपचार हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचला तो मात्र एका वेगळ्याच कारणाने. 2021 च्या सुरुवातीला मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीला मज्जासंस्थेचा दुर्मीळ आनुवंशिक आजार असल्याचं निदान झालं. त्यावरचं एकच इंजेक्शन सोळा कोटींचं. लोकांनी वर्गणी काढली, केंद्राने आयातीवरचे काही कोटींचे कर माफ केले आणि मुलीला औषध मिळालं. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडमधल्या दुसऱ्या एका मुलीसाठीही असाच पैसा उभा राहिला. तिला इंजेक्शन मिळालं, पण काही आठवड्यांतच ती गेली. समाजमाध्यमांवर ज्या बाळाचा फोटो पसरेल त्याला औषध, ही वाटणीची पद्धत किती अन्यायाची आहे, हे त्या वर्षी राज्याने पाहिलं.

महाराष्ट्रासाठी याहून मोठा प्रश्न सिकलसेलचा आहे. नागपूर भागातल्या सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी 1958 सालीच ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. गडचिरोलीसह विदर्भ आणि नंदुरबार इथल्या आदिवासी आणि दलित कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. एका जनुकातलं एकच अक्षर चुकलेलं असतं. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात, आणि असह्य वेदनांचे झटके येतात. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने त्यावर जनुक-संपादनाचा ‘कॅसजेव्ही’ हा उपचार मंजूर केला. त्याची अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या वर. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या जनुकीय संशोधन संस्थेने ‘बिरसा 101’ या नावाचं स्वदेशी तंत्र जाहीर केलं. ते रुग्णांपर्यंत नेण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला आहे. जगाला स्वस्त लस पुरवणारी संस्था या कामात असणं आशादायक आहे. पण आज नंदुरबारच्या मुलाला उपयोगी पडते ती हायड्रॉक्सीयुरियाची गोळी आणि वेळेवर झालेली रक्ततपासणी.

आता या इतिहासाकडे हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारहून पाहू. औंढा नागनाथ तालुक्यातलं हे बाजारपेठेचं गाव. भोवताली सोयाबीन, कापूस, हळद. गावाचं अर्थकारण मोंढ्यातल्या भावावर. याच तालुक्यात दुधाळ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. ती बांधणारं खातं अणुऊर्जेचं, म्हणजे परळचं टाटा हॉस्पिटल चालवणारंच. विश्वाच्या कडेवरून येणाऱ्या लहरी मोजणारं विज्ञान या तालुक्याच्या दारात आलं आहे. रक्ताच्या कर्करोगाचं विज्ञान मात्र अजून साडेपाचशे किलोमीटरवर आहे.

इथल्या एखाद्या तरुणाला महिनाभर ताप येतो, हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर निळे डाग पडतात, अशी कल्पना करा. आधी गावातला दवाखाना, मग औंढ्याचं किंवा हिंगोलीचं सरकारी रुग्णालय, मग नांदेडचं वैद्यकीय महाविद्यालय. रक्ताच्या साध्या तपासणीत संशय येतो, पण कर्करोगाचा नेमका प्रकार ठरवण्यासाठी लागणाऱ्या चाचण्या मोठ्या शहरात. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय हा मराठवाड्याचा आधार. तिथून पुढे परळ. मग परभणीहून देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेस, आणि मुंबईत राहण्याची सोय लागली तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, नाहीतर फुटपाथ. कार-टी हा या वाटेच्या अगदी शेवटचा टप्पा. पेशी दिल्यानंतरही काही आठवडे रुग्णालयाच्या जवळच राहावं लागतं. सोबतच्या माणसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. केमोला ते पुष्कळ आहे. तीस लाखांच्या उपचारापुढे ते अपुरं पडतं. डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेने जनुकोपचारावरचा कर पूर्ण माफ केला. पाऊल चांगलं, पण उरलेल्या रकमेसाठीही शेती विकावी लागते. दहापट स्वस्त झालेलं औषधही मराठवाड्यातल्या दोन-चार एकरांच्या कुटुंबाला परकंच राहतं, हे मान्य करूनच पुढचं बोलायला हवं.

ही अडचण सुटण्यासारखी आहे, आणि त्याचे पुरावे याच कहाणीत आहेत. 1983 साली देशात एकाच ठिकाणी झालेलं मज्जा प्रत्यारोपण आज कितीतरी शहरांत होतं. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने 2012 साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये शेकडो रुग्णालयं आहेत. त्यांनी एकत्र येऊन औषधं खरेदी केली तेव्हा किमती उतरल्या. कार-टीची मागणी अशीच एकवटली, उत्पादक वाढले, आणि शासनाने दुर्धर आजारांसाठी स्वतंत्र निधी ठेवला तर तीस लाखांचा आकडा आणखी खाली येईल. हिंगोलीत 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथे रक्ताच्या कर्करोगाचं निदान पक्कं होण्याची सोय झाली, तरी या जिल्ह्याच्या रुग्णांचे कित्येक आठवडे वाचतील. ल्युकेमियात ते आठवडे जीव वाचवणारे असतात. मुलांमधला ल्युकेमिया तर वेळेवर ओळखला आणि केमो पूर्ण केली, तर बहुतेकदा जुन्या, स्वस्त औषधांनीच बरा होतो. कार-टीची गरज पडते ती त्यानंतर.

या विज्ञानाच्या नावावर एक बाजारही उभा राहिला आहे, आणि तो गावापर्यंत फार लवकर पोहोचतो. ‘स्टेम सेल’, म्हणजे मूळपेशी देऊन स्वमग्नता, मधुमेह, गुडघेदुखी, अर्धांगवायू बरा करू, अशा जाहिराती मोठ्या शहरांतून थेट मोबाइलवर येतात. लाखो रुपये घेतले जातात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना यावर स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं मज्जा प्रत्यारोपण वगळता मूळपेशींचा वापर नोंदणीकृत चाचणीतच व्हायला हवा, आणि चाचणीत सामील होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत.

त्यामुळे पेशी किंवा जनुक यांच्या नावाने कुणी उपचार सुचवला, तर वाचकांनी दोन गोष्टी विचाराव्यात. या उपचाराला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता आहे का? आणि ही चाचणी असेल, तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतला, म्हणजे ‘सीटीआरआय’चा तिचा क्रमांक काय? 2009 पासून प्रत्येक चाचणीची तिथे नोंद सक्तीची आहे, आणि ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. क्रमांक मिळाला नाही, तर पैसे भरू नयेत. कागदपत्रं घेऊन संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा थेट परळला जावं.